बायपासनंतर घरी : 'जड उचलू नका' म्हणजे नक्की किती?

पाणपोई
डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी बहुतेक ठिकाणी एकच मजकूर असतो : विश्रांती, हलका आहार, जड काम टाळा, दहा दिवसांनी दाखवणे. घरी आल्यावर पहिल्या तासात जे प्रश्न पडतात त्यांचं उत्तर यात कुठेच नसतं. पाण्याचा जग उचलायचा का? कुशीवर झोपायचं का? जिना चढायचा का? खोकला आला तर काय करायचं?

धागा त्यासाठी काढलाय. साठीतला पेशंट धरा. छाती उघडून बायपास, नस पायातून काढलेली. पहिल्या मजल्यावरचं जुनं घर, झोपायला खाली गादी, संडास भारतीय पद्धतीचा. जाणकारांनी आकड्यांत आणि कृतीत सांगावं. 'काळजी घ्या' नको, ते कार्डावर आहेच.

फिजिओ_मंजिरी
आधी कारण सांगते, मग नियम लक्षात राहतात. छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि शेवटी स्टीलच्या तारांनी आवळून बांधतात. हात मोडला तर प्लास्टर घालून तो गप्प ठेवता येतो. छातीचं तसं करता येत नाही, ती दिवसातून वीसेक हजार वेळा श्वासाबरोबर हलतेच. अशा हलत्या जागेवर हाड सांधायचं असतं. सहा ते आठ आठवड्यांत ते बऱ्यापैकी धरतं, पुरती ताकद यायला तीन महिने धरा.

म्हणून पहिले सहा आठवडे दोन्ही हातांत मिळून अडीच-तीन किलोच्या वर नको. काही सर्जन साडेचारपर्यंत सोडतात, त्यांचा आकडा अखेरचा. घरातल्या वस्तूंत सांगायचं तर दोन लिटर दूध चालेल. भरलेला पाच लिटरचा कुकर नको. अर्धी बादलीसुद्धा नको, आठ-दहा किलो भरते. नातवंड तर अजिबात नको. पेशंट खुर्चीत बसल्यावर दुसऱ्या कुणीतरी नातवंडाला शेजारी आणून बसवावं.

तिरकस_तात्या
म्हणजे सहा आठवडे भाजीची पिशवी उचलायची नाही? ही शस्त्रक्रिया आधी कुणी सांगितली असती तर!

गवतीचहा
@तिरकस_तात्या, पिशवी नाही उचलायची, पण भाजी निवडायला बसता येतं. कार्डावर त्याला बंदी नाही. :))

लोलक
मंजिरीताईंशी थोडा मतभेद. वजनाचा आकडा सांगितला की लोक तेवढाच धरून बसतात आणि खरा धोका राहतो बाजूला. हाडावर ताण येतो तो हात शरीरापासून लांब गेल्यावर, आणि त्यातही एकाच हातानं जोर लावल्यावर. अडकलेली खिडकी एका हातानं ओढणं, बरणीचं घट्ट झाकण, ओलं बेडशीट पिळणं, दुकानाचं शटर, गाडी स्टँडवर चढवणं, रिक्षात वरचा दांडा धरून लोंबकळणं, कणीक तिंबणं, भाकरी थापणं. यातल्या बऱ्याच कामांत तीन किलो उचलावंही लागत नाही, तरी सगळी वर्ज्य.

उलट कोपरं बरगड्यांना चिकटवून, वस्तू पोटाशी धरून दोन्ही हातांनी केलेलं काम हाडाला बरंच सोसतं. हल्ली काही ठिकाणी हेच शिकवतात : अंगाभोवती एक नळकांडं आहे असं समजा आणि दंड त्याच्या आत ठेवा.

फिजिओ_मंजिरी
@लोलक, मान्य. आकडा सांगते तो घरच्यांसाठी, पद्धत पेशंटसाठी. मात्र याची दुसरी बाजूही लिहायला हवी. घाबरून हात अंगाशी बांधून बसणारे पेशंट जास्त दिसतात. महिन्याभरात खांदे आखडतात, पाठीत पोक येतो, मग छातीपेक्षा मानेचं दुखणं मोठं होतं. दिवसातून दोन-तीनदा खांदे गोल फिरवा, दहा वेळा पुढून मागे. दोन्ही हात एकत्र, दुखणार नाही इतपत वर न्या. केस स्वतः विंचरा. छाती दुखेल म्हणून वाकून चालू नका.

आणि उठण्याची पद्धत. सरळ उताणं असताना कुणाचा तरी हात धरून उठणं ही सर्वांत वाईट. घरचे प्रेमानं ओढतात ते हाडाला ओढतात. आधी दोन्ही गुडघे दुमडायचे. ओंडका लोटावा तसं खांदे आणि कंबर एकदमच कुशीवर वळवायचं. पाय पलंगाखाली सोडायचे. पायांच्या वजनानं धड आपसूक वर येतं, खालच्या कोपराचा नुसता आधार पुरतो. उठल्यावर लगेच उभं राहायचं नाही, मिनिटभर काठावर बसायचं. बीपीच्या गोळ्यांनी चक्कर येते ती त्याच मिनिटात.

केदार_नाशिक
वाचनखूण साठवली.

सिस्टर_विद्या
खोकल्याचं राहिलं. घट्ट घडी घातलेला टॉवेल किंवा छोटी उशी छातीशी दोन्ही हातांनी कवटाळायची आणि मग खोकायचं. शिंकेलाही तेच. खोकला दाबून ठेवायचा नाही. कफ आत साठला की फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो, ताप येतो, न्यूमोनिया होतो. ही उशी सोबतच ठेवायची, गाडीत सुद्धा. सीटबेल्ट आणि छाती यांच्या मध्ये ती येते. बेल्ट लावायचाच, आणि बसायचं मागच्या सीटवर.

तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र घरी देतात, त्यात निम्मे लोक फुंकतात. ते ओढायचं असतं. नळी तोंडात घट्ट, सावकाश आत ओढा, चेंडू वर गेला की दोन-तीन सेकंद तिथेच धरा, मग सोडा. जागेपणी दर तासाला दहा वेळा. तीन चेंडूंवर साधारण ६००, ९०० आणि १२०० असे आकडे असतात. तिसरा उडाला पाहिजे अशी शर्यत नाही. एकच चेंडू, पण टिकून राहिलेला, जास्त कामाचा. चक्कर आल्यासारखं वाटलं तर फार भरभर करताय.

तिरकस_तात्या
आमच्या पिढीला 'फुंकू नका, ओढा' असं डॉक्टरनं सांगणं म्हणजे काव्यगत न्याय आहे.

औषधमात्रा
तात्या, तंबाखूवर आलातच तर : विडी-सिगारेट सगळ्यांना माहीत आहे, पण मिश्री आणि गुटखा घरात 'निरुपद्रवी' समजतात. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, मग ती धुरातून येवो की हिरडीतून. बायकांना मिश्रीबद्दल कुणी विचारतही नाही. विचारा.

आता गोळ्या. घरी आल्यावर पहिलं काम, जुना औषधांचा डबा उचलून नजरेआड करणं. कारण दोन घोळ नेहमी होतात. एक, आधीची बीपीची गोळी आणि आत्ता दिलेली गोळी यांत औषध एकच, नुसतं कंपनीचं नाव वेगळं. दोन्ही घेतल्या जातात आणि नाडी ५० च्या खाली. दोन, अॅस्पिरिन आणि अॅटोर्व्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉलचं औषध) एकाच कॅप्सूलमध्ये दिलेलं असतं आणि जुन्या सवयीनं अॅस्पिरिन वेगळंही चालू राहतं. पाकिटावरचं मोठं नाव वाचू नका, खालचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव वाचा.

लघवी वाढवणारी गोळी सकाळी. रात्री दिली की झोपेचं खोबरं, आणि अंधारात संडासाकडे जाताना पडण्याचा धोका. मेटोप्रोलॉलसारखी, ठोके मंद करणारी गोळी संपली म्हणून एकदम बंद करायची नाही, धडधड उलटून येते. अॅस्पिरिन बंद करण्याचं तर नावच काढू नका, नवीन जोडलेल्या नसा उघड्या राहण्यासाठी ते असतं. दातवाल्यानं सांगितलं तरी आधी सर्जनला विचारा.

दुखलं तर पॅरासिटामॉल, कार्डावर लिहिलंय तेवढंच. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक असलेली गोळी काउंटरवरून आणायची नाही. बायपासनंतर ती धोक्याची. मूत्रपिंडावर ताण येतो, पाणी साठतं, आणि आयब्युप्रोफेन अॅस्पिरिनच्या कामात अडथळा आणतं. पॅरासिटामॉलच्या लोकप्रिय जोडगोळ्यांत आयब्युप्रोफेन असतं, तेही वाचून घ्या.

वाटसरू७२
लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळं होतं हे आधीच सांगून ठेवा, घरात धावपळ होते.

औषधमात्रा
@वाटसरू७२, बरोबर, पण त्यातच गोम आहे. अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, ही गुठळी रोखणारी दोन्ही औषधं चालू असताना पोटात रक्तस्राव झाला तरी काळंच होतं. लोहाचं काळं बांधलेलं, हिरवट झाक असलेलं असतं. रक्ताचं डांबरासारखं चिकट, उग्र वासाचं, जोडीला चक्कर आणि फिकेपणा. दुसरं दिसलं तर वाट बघायची नाही. आणि लोहाच्या गोळीबरोबर चहा नको, आधी-नंतर तासभर अंतर.

अन्नपूर्णा_सदन
बद्धकोष्ठावर कुणी बोललं नाही! लोहाच्या आणि दुखण्याच्या गोळ्या, कमी हालचाल, कमी जेवण, चारही मिळून पोट गच्च. कुंथलं की छातीवर आणि बीपीवर ताण. दुसऱ्या दिवशीच इसबगोल सुरू करा, तिसऱ्या दिवसापर्यंत साफ झालं नाही तर डॉक्टरांकडून पातळ औषध लिहून घ्या. इसबगोल गोळ्यांपासून दोन तास लांब. पाणी मात्र मोजून, काहींना दिवसाचं बंधन घातलेलं असतं.

जेवण. पहिले दोन-तीन आठवडे तोंडाला चव नसते, धातूसारखं लागतं. त्यात 'हृदयाचा पेशंट' म्हणून घरचे वरणभात आणि उकडलेला दुधी सुरू करतात. जखम भरायला प्रथिनं लागतात, ती दुध्यात नाहीत. दोन्ही जेवणांत घट्ट वरण किंवा मुगाचं धिरडं, मोडाची मटकी, वाटीभर दही, चालत असेल तर अंडं, मासे. एका वेळी ताट भरून नको, दर तीन तासांनी थोडं.

मीठ दिवसाला चहाचा एक सपाट चमचा, म्हणजे पाच ग्रॅम, आणि त्यात सगळं आलं. भाजीतलं कमी करून लोणच्याची फोड ठेवली तर काय मिळवलं? पापड, फरसाण, सुकी मासळी, बेकरीचं खारं, हे खरे चोर.

तुपातलं_बोलणं
आमच्याकडे बाळंतिणीला आणि ऑपरेशनवाल्याला डिंकाचे लाडू देतात. ताकद येते. शतकानुशतकं चालत आलंय.

अन्नपूर्णा_सदन
शतकानुशतकं बायपास नव्हती. :) एका लाडवात तूप, गूळ, खोबरं मिळून तीनेकशे कॅलरी सहज, प्रथिनं जेमतेम. रोज दोन लाडू खाल्ले की पेशंट जेवत नाही. हौस म्हणून आठवड्यातून एकदा अर्धा, मधुमेह नसेल तर. तूप म्हणाल तर भातावर अर्धा चमचा कुणी काढून घेत नाहीये.

मधुमेहींसाठी वेगळी सूचना. शस्त्रक्रियेच्या ताणानं साखर चढते, म्हणून इस्पितळात इन्सुलिन वाढवलेलं असतं. घरी आल्यावर ताण उतरतो, जेवण कमी असतं, डोस मात्र तोच. साखर खाली जाते. पहिले पंधरा दिवस घरी मशीनवर बघा आणि आकडे लिहून डॉक्टरांना कळवा. एकादशी-चतुर्थी या दिवसांत नको, देव समजून घेईल.

औषधमात्रा
एक पुरवणी. 'कमी सोडियमचं मीठ' म्हणून जे मिळतं त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. रॅमिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन (बीपी-हृदयाच्या गोळ्या) चालू असेल तर रक्तातलं पोटॅशियम वाढून ठोके बिघडू शकतात. साधंच मीठ, कमी.

दूरदेशी_दिगू
इथे अमेरिकेत शस्त्रक्रियेनंतर देखरेखीखाली व्यायामाची ३६ सत्रं मेडिकेअर (इथला सरकारी आरोग्य विमा) देते. ट्रेडमिल, मॉनिटर, नर्स. तिकडे काय असतं?

फिजिओ_मंजिरी
मोठ्या शहरांतल्या काही इस्पितळांत आहे. बाकी ठिकाणी पोर्च, गच्ची आणि घड्याळ. ते पुरतं. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं, दिवसातून चार वेळा, सपाट जागेवर. रोज एखादं मिनिट वाढवा आणि फेऱ्या कमी करत जा. पाच-सहा आठवड्यांत सलग तीस मिनिटं. जेवल्यावर तासभर थांबा, टळटळीत उन्हात नको. नाडी मोजून वेग ठरवू नका, मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या नाडी दाबूनच ठेवतात. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलता येतंय तर ठीक, गाता येतंय तर जरा वाढवा, दोन शब्दांत दम लागतोय तर थांबा. आणि दुसऱ्या दिवशी गळून गेल्यासारखं वाटलं तर आदल्या दिवशी जास्त झालं होतं.

जिना चालतो. घरी येतानाच चढावा लागतो, मग तो रोज एकदाच. पायरीवर दोन्ही पाय टेकवत, मधे थांबत. कठडा तोल सांभाळायला, स्वतःला वर ओढायला नाही.

जुनाजाणता
आमच्या वेळी हृदयाच्या पेशंटला सहा आठवडे बिछान्यातून हलू देत नसत. हे सगळं चालणं-बिलणं जरा घाईचंच वाटतं.

लोलक
@जुनाजाणता, ती पद्धत हृदयविकाराच्या झटक्यानंतरची, आणि तिला पहिला धक्का १९५०च्या दशकाच्या सुरुवातीलाच बसला. बोस्टनच्या सॅम्युअल लिव्हाइन आणि बर्नार्ड लाऊन यांनी झटका आलेल्यांना लवकर खुर्चीत बसवायला सुरुवात केली. तेव्हा लोकांना तेही भलतं धाडस वाटलं होतं. नुसतं पडून राहिल्यानं पायात गुठळ्या होतात, फुप्फुसात पाणी राहतं, स्नायू वितळतात. गुठळी पायातून फुप्फुसात गेली की बायपास कितीही छान झालेली असो.

सिस्टर_विद्या
पायावरून : ज्या पायातून नस काढली तो पाय घोट्याशी महिना-दोन महिने सुजतो, आतल्या बाजूला बधिर राहतो. हे अपेक्षित आहे. दाब देणारे मोजे दिले असतील तर सकाळी उठण्यापूर्वी, सूज नसताना चढवायचे, रात्री काढायचे. सुरकुती पडू द्यायची नाही, ती दोरीसारखी काचते. बसताना पाय स्टुलावर, एकावर एक टाकून बसायचं नाही. पण दोन्ही पाय सुजले आणि वजन वाढतंय, तर ते नसेचं नाही, अंगात पाणी साठतंय. एकच पोटरी गरम, टणक, दुखरी, तर गुठळीची शंका.

म्हणून वजनकाटा घ्याच. रोज सकाळी लघवीनंतर, चहाआधी, तेच कपडे. एका दिवसात किलोभराहून जास्त किंवा आठवड्यात दोन किलो वाढलं तर फोन. ते खाल्लेलं नसतं, ते पाणी असतं.

जखमेवर काही लावायचं नाही. हळद नाही, तेल नाही, पावडर नाही, अंगारा कपाळावर लावा. कोमट पाणी, सौम्य साबण हातानं, वरून पाणी सोडायचं, टॉवेलनं टिपायचं, घासायचं नाही. स्टुलावर बसून अंघोळ, कडकडीत पाणी नको, दाराला आतून कडी नको.

लगेच फोन करायच्या गोष्टी : ताप १००.४ च्या वर, जखमेतून पू किंवा वाढता ओलावा, कड उघडणं, आडवं झाल्यावर वाढणारा दम, छातीत अनियमित धडधड. आणि हाडातून टकटक जाणवणं. श्वास घेताना, कूस बदलताना दोन कडा एकमेकींवर घासल्यासारखं वाटलं तर 'बसेल आपोआप' म्हणू नका. श्रमानं छातीत दाब येऊन घाम फुटला, तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, तर फोनाफोनी न करता १०८.

माजघर
बायकांसाठी एक जे कार्डावर कधीच नसतं. स्तनांचं वजन जखमेच्या खालच्या टोकाला दोन्हीकडून ओढतं आणि तिथेच घाम साठतो. जखम उघडते तीही बरेचदा तिथेच. पुढून हुक असलेली, तारा नसलेली सुती आधाराची ब्रा पहिल्या आठवड्यापासून, सर्जनला विचारून, रात्रीसुद्धा. मध्ये मऊ स्वच्छ कापड. डाव्या छातीवर बधिरपणा किंवा जळजळ वाटते कारण आतली धमनी तिथून घेतलेली असते. ती काही महिन्यांनी बरीच कमी होते.

आणि घरी आल्यावर बाईला 'नुसतं फोडणी दे, बाकी मी बघतो' म्हणणाऱ्यांनी वरची भाकरी-कणकेची ओळ पुन्हा वाचावी.

तिरकस_तात्या
भेटायला येणाऱ्यांवर कुणीच कसं लिहीत नाही? प्रत्येकाकडे एक ओळखीचा असतो ज्याची बायपास झाली आणि 'तीन महिन्यांत गेला'. तो किस्सा पेशंटच्या उशाशी बसूनच सांगायचा असतो.

सिस्टर_विद्या
तात्या, हसू नका, खरा त्रास आहे. दारावर पाटी लावा : भेट संध्याकाळी ५ ते ६, दहा मिनिटं, सर्दी-खोकला असलेल्यांनी फोन करावा. पेशंटला सर्दी झाली की खोकला, आणि खोकला म्हणजे हाडाला दणके.

निनावी_आजपुरता
संकोच वाटतो पण विचारतो. संसाराचं काय?

लोलक
संकोच कशाला. दोन जिने न थांबता, दम न लागता चढता आले की हृदयाची तयारी असते. साधारण सहा ते आठ आठवडे. छातीवर किंवा हातांवर भार येणार नाही असं बघायचं. फक्त एक : छातीदुखीसाठी नायट्रेटची गोळी किंवा फवारा चालू असेल तर सिल्डेनाफिलच्या (व्हायग्रा) जातीची औषधं अजिबात नाहीत, बीपी कोसळतं. चारचाकी चालवणंही सर्जनच्या परवानगीनं सहा आठवड्यांच्या पुढे, दुचाकी तीन महिन्यांनी.

समईची_वात
मनाचं लिहा कुणीतरी. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात चांगली खमकी माणसं उगाच रडतात, चिडतात. पेपर वाचून लक्षात राहत नाही, भयंकर स्वप्नं पडतात. घरच्यांना वाटतं डोक्यावर परिणाम झाला. बऱ्याच जणांत हे दिसतं आणि काही आठवड्यांत उतरतं. दिवसा झोप अर्ध्या-पाऊण तासावर नको, सकाळी अंघोळ करून बाहेरचे कपडे घालायचे, लुंगीत दिवस काढायचा नाही. दोन आठवड्यांच्या पुढेही जेवण, झोप, बोलणं सगळं बंद असेल तर डॉक्टरांना सांगा, त्यावर औषध आहे.

केदार_नाशिक
महात्मा फुले योजनेतून शस्त्रक्रिया झाली असेल तर पुढच्या तपासण्या-औषधांचं काय मिळतं ते इस्पितळातल्या आरोग्यमित्राला डिस्चार्जच्या दिवशीच विचारा. खाजगी विमा असेल तर नंतरच्या किती दिवसांचा खर्च मिळतो ते पॉलिसीत बघा, आणि प्रत्येक बिलामागे चिठ्ठीची प्रत जोडा. नुसतं बिल परत येतं.

पाणपोई
सगळ्यांचे आभार. पण मूळ प्रश्नातला संडास आणि खालची गादी राहिलीच की!

फिजिओ_मंजिरी
राहिली खरी. खालची गादी तीन महिने बंद. जमिनीवरून उठताना हात टेकावेच लागतात. पलंगाची उंची गुडघ्याच्या वाकाइतकी किंवा इंचभर जास्त, सतरा-अठरा इंच. कमी पडत असेल तर दोन गाद्या. डोक्याकडे तीन उशांची उतरण करा, मानेखाली नाही, पाठीपासून. कुशीवर झोपणं साधारण चार आठवड्यांनी, दुखत नसेल आणि टकटक नसेल तर, छातीशी उशी घेऊन.

संडासावर ठेवायची मधे भोक असलेली लोखंडी खुर्ची सर्जिकलच्या दुकानात मिळते, भाड्यानंही. घेताना चारही पायांचे रबर बघा. भारतीय संडासाची लादी भांड्याकडे उतरती असते, तिथे ती डुगडुगते. रबराखाली चकत्या घालून आधी निरोगी माणसानं बसून बघायचं. हाताच्या दांड्यांवर जोर देऊन उठायचं नाही. पुढे सरकून काठावर या, पावलं मागे घ्या, हात छातीवर, नाक गुडघ्यांच्या पुढे जाईपर्यंत वाका आणि मांड्यांच्या जोरावर उठा. ही तालीम शस्त्रक्रियेच्या आधी आठवडाभर रोज दहा वेळा केली तर फारच छान. नाहीतर आधी उंच खुर्चीवरून सुरू करा.

पाणपोई
लादी उतरतीच आहे. उद्या चकत्या बघतो.

तिरकस_तात्या
आणि निरोगी माणूसही.